वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची राणी आणि होम मैदानावरची नवरी

गेल्या महिन्यात टीव्हीवर ‘पद्मावत’ पुन्हा लागला आणि एरवी व्याकरणाचे, म्हणींचे प्रश्न येणाऱ्या या सदराकडे सिनेमाची पत्रं यायला लागली. हा सिनेमा ज्यावर बेतला, ते जायसी या कवीचं ‘पद्मावत’ काव्य मी बी.ए.च्या वर्गांना बरीच वर्षं शिकवलं हे पुष्कळ वाचकांना ठाऊक आहे, म्हणूनच ती आली असावीत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून सहा पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : बाई, आम्ही सगळे मिळून ‘पद्मावत’ बघत होतो. शेवटी राणी आणि साऱ्या बायका लाल कपड्यांत आगीकडं चालत जातात, तेव्हा सासूबाईंनी हात जोडले आणि डोळ्याला पदर लावला. माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती ताडकन उठली आणि म्हणाली, ‘आजी, बायका जळायला चालल्यात आणि तू नमस्कार काय करतीस?’ तेव्हापासून दोघी एकमेकींशी धड बोलत नाहीत. चूक कुणाची? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी थिएटरातलं सांगते. माझे वडील इथल्या एका थिएटरात डोअरकीपर होते. हातात बॅटरी घेऊन अंधारात मागं उभं राहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते म्हणायचे, पिक्चर कसा चाललाय ते पडद्याकडं बघून कळत नाही, लोकांच्या पाठी बघ. रडू येतं तेव्हा खांदे खाली येतात. भीती वाटली की माणूस खुर्चीत मागं सरकतो. कंटाळला की आधी त्याचे पाय हलायला लागतात. त्यांची ती सवय माझ्यात उतरली आहे.

२०१८ च्या जानेवारीत मी हा सिनेमा संध्याकाळच्या खेळाला पाहिला. माझ्या पुढच्या रांगेत दोन बायका होत्या, बहुधा विड्यांचं काम आटोपून तशाच आलेल्या, कारण त्यांच्याकडून तंबाखूचा वास येत होता. पडद्यावर त्या घोळक्यात एक गरोदर बाई दिसली, मग एक लहान मुलगी दिसली. त्या दोघींपैकी एक ‘अय्यो’ म्हणाली, अगदी हळू, आणि तिनं शेजारणीचं मनगट धरलं. पिक्चर संपेपर्यंत ते सोडलं नाही. त्याच वेळी मागच्या रांगांतून टाळ्या पडत होत्या, शिट्ट्या येत होत्या, कुणीतरी जयजयकार केला. एकाच थिएटरात, एकाच क्षणी, हे दोन्ही चाललं होतं. मला त्या मनगटाचं खरं वाटलं आणि टाळ्यांचा त्रास झाला, तो अजून जात नाही.

आता तुमच्या सासूबाईंबद्दल. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरलेल्या कुंभाराच्या मुलीचं त्यांच्या योगदंडाशी लागलेलं ते लग्न. त्यानंतर होम मैदानावर होम पेटतो. बाजरीच्या पेंढीला नवं लुगडं नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात, बांगड्या भरतात, आणि ती नवरी अग्नीला देतात. आपल्या गावानं बाराव्या शतकातल्या संताची ही कथा अशी जपली आहे. मी लहान असताना आई मला कडेवर घेऊन तिथं उभी असायची. नंदीध्वज फिरायचे, ‘बोला एकदा भक्तलिंग, हर्र बोला हर्र’ असा गजर व्हायचा, आणि ज्वाळा वर चढली की आई हात जोडायची आणि पुटपुटायची, ‘गेली बघ गं बिचारी.’ जशी आमच्याच गल्लीतली एखादी लेक गेली असावी. आईच्या त्या नमस्कारात ‘असं करावं’ हे नव्हतं. गेलेल्या मुलीला निरोप होता तो. तुमच्या सासूबाईंचे हात तसेच जोडले गेले असतील. मुलीला हे सांगा.

आणि सासूबाईंना हे सांगा की नातीचा राग खरा आहे, मी तिच्या बाजूची आहे. सिनेमानं ती आग फार देखणी केली. संथ चाल, संगीत, लाल रंग. त्यात भाजलेल्या अंगाची वेदना कुठंच नाही. आपल्याकडे सतीला बंदी १८२९ सालची, तरीही १९८७ मध्ये राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर गेली आणि हजारो लोक तिला सती म्हणून गौरवणाऱ्या चुनरीच्या सोहळ्याला जमले. त्यानंतर जो कायदा झाला त्यात सती जाण्याचा गौरव करणं हाच गुन्हा ठरला. म्हणजे तुमच्या मुलीचा प्रश्न आपल्या हयातीतलाच आहे.

ज्या जायसीवर सिनेमा बेतला आहे, त्यानं हा शेवट कसा लिहिलाय ते सांगते. त्याच्या काव्यात चितोडचा राजा रत्नसेन दिल्लीचा बादशहा अलाउद्दीन खिलजीच्या हातून मरतच नाही. तो मरतो शेजारच्या राजाशी, देवपालाशी लढताना. पद्मावती आणि तिची सवत नागमती, जन्मभर एकमेकींशी भांडलेल्या दोघी, एकाच चितेवर जातात. अलाउद्दीन येतो तेव्हा राख उरलेली असते. तो मूठभर राख उचलतो, वाऱ्यावर उडवतो आणि म्हणतो, ‘पिरथिमी झूठी’. ही पृथ्वी खोटी. मग लढाई होते, पुरुष पडतात, बायका जौहर करतात, गड चुरा होतो. कुणी जिंकलं असं वाटतच नाही. वर्गात मी ती ओळ वाचायची तेव्हा मुलं गप्प व्हायची. टाळ्या वाजवाव्यात असं त्या राखेत काही नाही, आणि सिनेमानं नेमकी ती मूठ गाळली, ही माझी तक्रार आहे.

प्रश्न : पद्मिनी खरंच होऊन गेली का? आमच्या ग्रुपवर यावरून फार वाद झाला. — एक विद्यार्थी, अक्कलकोट रोड

उत्तर : अलाउद्दीनानं चितोड घेतलं हे खरं, साल १३०३, वेढा कित्येक महिने चालला. त्या मोहिमेत कवी अमीर खुस्रो बादशहाबरोबर होता आणि त्यानं वृत्तांत लिहून ठेवला. त्यात पद्मिनीचं नाव नाही. ती आपल्याला भेटते ती १५४० च्या सुमाराला, मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीच्या अवधी काव्यात. मधे दोनशे सदतीस वर्षं गेली. हिरामन पोपट, सिंहलद्वीप, सात समुद्र, हे सगळं त्याच काव्यातलं. पुढं कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्यानं राजस्थानवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात (पहिला भाग १८२९ चा) भाटांकडून ऐकलेली गोष्ट इतिहास म्हणून मांडली आणि ती पाठ्यपुस्तकांपर्यंत गेली. त्यामुळे ग्रुपवर ‘पुरावा दाखवा’ म्हणणारे बरोबर आहेत. पण पाचशे वर्षं लोकांनी जिच्यासाठी डोळे पुसले, तिला नुसतं ‘खोटी’ म्हणून उडवणाऱ्यांनाही कथा म्हणजे काय ते कळलेलं नाही.

प्रश्न : सिनेमाचं नाव ‘पद्मावती’चं ‘पद्मावत’ का झालं? — एक वाचक, बार्शी

उत्तर : राणीच्या नावाऐवजी काव्याचं नाव यावं म्हणून. सिनेमा १ डिसेंबर २०१७ ला लागणार होता, तो पुढं गेला, सेन्सॉर बोर्डानं नाव आणि पडद्यावरच्या काही सूचना बदलायला लावल्या, मग २५ जानेवारी २०१८ ला लागला. चार राज्यांनी घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या आठवडाभर आधी उठवली होती. आपल्याकडेही पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर २०१७ च्या मार्चमध्ये त्याचा सेट जाळला गेला. न पाहिलेल्या सिनेमावर इतका संताप मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला नाही.

प्रश्न : मी यंत्रमागावर फिटर होतो. लहानपणी आम्हाला गुरुजींनी गोष्ट सांगितलेली, की राणी येते म्हणून पालख्या पाठवल्या आणि त्यात लोहार बसला होता. सिनेमात लोहार दिसलाच नाही. मला चुकीचं आठवतंय का? — एक वाचक, साखर पेठ

उत्तर : दादा, तुमची आठवण पक्की आहे आणि तुमचे गुरुजी जायसी वाचलेले होते. काव्यात राजा दिल्लीला कैदेत आहे. गोरा-बादल हे त्याचे सरदार सोळाशे पालख्या सजवतात, आत हत्यारबंद शिपाई. आणि जी सगळ्यांत सुंदर पालखी, राणीची, तिच्यात लोहार बसवतात. राणी राजाला एकदा भेटू इच्छिते असं सांगून ती पालखी कैदखान्यापर्यंत जाते, आणि लोहार आतून उतरून राजाच्या बेड्या तोडतो. सगळ्या महाकाव्यात मला हा माणूस फार आवडतो. त्याला नाव नाही. जरीच्या पडद्याआड, घामेजलेला, मांडीवर छिन्नी-हातोडा घेऊन बसलेला असेल तो. बाहेर सगळे राणीची पालखी म्हणून मुजरे करत असतील. सिनेमात राणी स्वतः दिल्लीला जाते आणि अलाउद्दीनची बेगम त्यांना निसटायला मदत करते, त्यामुळे लोहाराचं कामच उरलं नाही. दोनशे कोटींच्या घरात खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. त्यात एक लोहार बसायला हवा होता.

प्रश्न : खलनायक असूनही खिलजी पडद्यावर आला की पोरं शिट्ट्या मारत होती. असं का होतं? — एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : उत्तम खलनायकाला शिट्टी पडतेच, वडिलांच्या काळातही पडायची. मला काळजी वेगळ्याची वाटते. सिनेमा लागला त्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती भावाबरोबर, बुरख्यात, सिनेमाला गेली होती. म्हणाली, ‘बाई, तो मटणाचा तुकडा दातानं ओरबाडतो ना, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका पोरानं मागं वळून आमच्याकडं बघितलं.’ एवढंच म्हणाली आणि चहाचा कप खाली ठेवला. त्या पोरालाही कदाचित आपण काय केलं ते कळलं नसेल.

अलाउद्दीन क्रूर होता, सख्ख्या चुलत्याला, जो त्याचा सासराही होता, मारून तो गादीवर बसला. पण तो जंगली नव्हता. खुस्रोसारखा कवी त्याच्या दरबारात होता, दिल्लीच्या बाजारात धान्याचे भाव त्यानं बांधून दिले होते. राजाला जनावर करून दाखवलं की प्रेक्षकाचं काम सोपं होतं, आणि त्याची किंमत पुढच्या-मागच्या रांगेत बसलेल्या माणसांना मोजावी लागते. जायसी स्वतः मुसलमान होता आणि त्यानं राणीवर जीव ओतला, हे त्या थिएटरात किती जणांना माहीत होतं?

प्रश्न : या सगळ्यात आपला, मराठी माणसाचा काय संबंध? ही राजस्थानची गोष्ट. — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : आपण पंढरपूरचे आहात म्हणून सांगते. विठ्ठलाच्या देवळातल्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात ज्या रामचंद्र यादवाचं नाव आहे, ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचा उल्लेख आहे, त्याच्याच देवगिरीवर हा अलाउद्दीन १२९६ मध्ये चालून आला. चितोडच्या सात वर्षं आधी. तेव्हा तो बादशहाही झाला नव्हता. इथून नेलेल्या लुटीच्या जोरावरच तो दिल्लीच्या तख्तापर्यंत पोहोचला.

आणि आपल्या देवगिरीच्या राजकन्येवरही एक जुनं हिंदी काव्य आहे, नारायणदासाचं ‘छिताई वार्ता’. त्यातही अलाउद्दीन राजकन्येला पळवून नेतो. पण पुढं गोष्ट वेगळी वळते. तो तिला मुलीसारखी ठेवतो. तिचा नवरा जोगी होऊन, वीणा वाजवत, गावोगाव तिला शोधत दिल्लीला येतो. वीणेवरून ती त्याला ओळखते, आणि बादशहा तिला नवऱ्याबरोबर परत पाठवतो. जिवंत. हाही इतिहास नव्हे, कथाच आहे. पण या कथेत मुलगी घरी येते, आणि हिच्यावर दोनशे कोटी कुणी लावले नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्याकडची ‘छिताई वार्ता’ची प्रत जुनी आहे, पानं सुटली आहेत, पण वाचता येते. जुळे सोलापूरच्या त्या ताईंनी कळवलं तर पाठवून देईन. जुनी हिंदी आहे, नातीला एकटीला थोडी जड जाईल. आजीला समोर बसवून मोठ्यानं वाचायला सांगा, आणि वीणेचा भाग येईपर्यंत थांबू नका.