भाव चढलेत म्हणून शिंपले वाढवू नकोस

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोत्यांचे भाव चढलेत, कर्जही मिळतंय, तेव्हा यंदा शिंपले दुप्पट करू का, असं विचारतेस. माझं म्हणणं, करू नकोस.

आज तू शिंपल्यात मणी बसवलास, तर त्यावर थर चढून झालेला मोती बाजारात यायला दीड-दोन वर्षं जातील. आज दिसतो तो भाव आधीच्या कमी पिकाचा आणि वाढलेल्या मागणीचा. हाच भाव पाहून तुझ्यासारखे कितीतरी जण आत्ता मणी बसवायला घेत असतील, आणि सगळ्यांचा माल एकदमच बाहेर पडेल. जपानमध्ये हेच घडलं. 1966 च्या सुमारास अकोया जातीच्या शिंपल्यांतल्या मोत्यांचं उत्पादन वर्षाला 100 टनांच्या पुढे गेलं, 1967 साली भाव कोसळले आणि कित्येकांना धंदा बंद करावा लागला. प्रशांत महासागरातल्या ताहितीच्या काळ्या मोत्याला 1985 च्या आसपास ग्रॅममागे साधारण 100 डॉलर मिळायचे. 2010 पर्यंत ते 10 डॉलरच्याही खाली आले.

माल वाढला की भाव उतरणारच, एवढं तुलाही कळतं. पण भाव मालाच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार जास्त उतरतो, कारण वाढीव मालात हलकाच जास्त असतो. कुठल्याही काढणीत अव्वल मोती मोजकेच निघतात. त्यात शिंपल्यांची दाटी झाली की प्रत्येकाला खायला कमी मिळतं, वाढ खुंटते, मर वाढते. आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की माणूस थर जाड होईपर्यंत थांबत नाही.

मीही थांबलो नव्हतो. एका वर्षी हप्ते थकले आणि मी चार महिने आधीच शिंपले उघडले. मोती गोल होते, आकारानेही चांगले. खरेदीदाराने त्यातले काही दिव्याखाली फिरवले, तर पातळ थरातून आतल्या मण्याचे पट्टे चमकून गेले. त्याने काही न बोलता सगळा लॉट हलक्याच्या भावात मागितला. त्यात पाणीदार, चांगल्या चमकेचे मोतीही होते, गं. तेही त्याच भावात गेले. पुढची दोन वर्षं माझा माल आला की तो आधी दिवा लावायचा.

म्हणूनच ताहितीत 0.8 मिलिमीटरहून पातळ थराचा मोती निर्यात करायचा नाही, तो नष्ट करायचा, असा नियम केला गेला होता. पिकवलेला मोती आपल्या हातांनी नष्ट करायचा म्हणजे पोटात कालवतं, पण मला तो नियम पटला. ऑस्ट्रेलियाने तर समुद्रातून किती शिंपले काढायचे यावरच मर्यादा घातली. अर्थात 2008 च्या मंदीत त्या मोत्यांचे भावही पडले. गिऱ्हाईकच हात आखडतं तेव्हा कमी पिकवूनही निभत नाही.

संख्येच्या शर्यतीत तर उतरूच नकोस. चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या एकेका शिंपल्यात मण्याशिवाय, नुसत्या ऊतीच्या तुकड्यांवर तीस-चाळीस मोती धरतात. तिथलं उत्पादन वर्षाला 1000 टनांच्याही वर गेलं होतं. त्यामुळे ज्यांना मोत्याचा सर घेणं कधीच परवडलं नसतं, त्यांच्याही गळ्यात तो आला, आणि याचा मला आनंदच आहे. पण त्या भावाशी तुझा शिंपले टांगलेला तराफा कधीच झुंजू शकणार नाही. तिथेही ज्यांनी कलमं, म्हणजे शिंपल्यात बसवायचे ऊतीचे तुकडे, कमी केली आणि शिंपले जास्त वर्षं पाण्यात ठेवले, त्यांचे मोठे, गोल मोती वेगळ्या भावाने गेले.

जास्त मालाचा एक फायदा मात्र खरा आहे. एका सरासाठी रंग, आकार आणि पाणी जुळणारे मोती निवडायचे तर समोर रास मोठी लागते. पण त्यासाठी शिंपले वाढवायला नकोत. आसपासच्या दोघा-तिघांबरोबर प्रतवारी एकत्र कर.

आहेत तेवढेच शिंपले ठेव. कर्जाऐवजी हाताशी एका हंगामाचा खर्च राहील असं बघ, म्हणजे थंडीपर्यंत थांबता येईल. थंड पाण्यात थर सावकाश आणि घट्ट बसतो, मोत्याला पाणी, म्हणजे चमक, चढते ती तेव्हाच. काढणीआधी चार शिंपले उघड, मोती मधोमध काप आणि थर मोज. मापं मला कळव, मग काढायचं की थांबायचं ते दोघं मिळून ठरवू.