रीमॅप केलेल्या टर्बो पेट्रोल गाडीला कुठले स्पार्क प्लग घालावेत?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ लिटरची टर्बो पेट्रोल. रीमॅपनंतर (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवल्यावर) १५० ची ताकद १९०-१९५ घोड्यांच्या आसपास गेली आणि तेव्हापासून कसारा घाट चढताना, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की ३५०० ते ४००० आरपीएमला गाडी मिसिंग करते, म्हणजे ठिणगी चुकून अडखळते. गॅरेजवाले महागडे आयरिडियम घ्या म्हणतात, मित्र म्हणतो दोन नंबर थंड प्लग घाल.

माझं उत्तर आधी देतो: एनजीके कंपनीचे साधे निकेल प्लग, बीकेआर७ई, गॅप (प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) ०.७ मिमी. आणि ते विकत घ्यायच्या आधी आत्ता गाडीत असलेल्या प्लगचा गॅप मोजा, कारण तुमचं दुखणं नव्वद टक्के तिथेच असावं असं मला वाटतं.

असं का वाटतं ते सांगतो. याच इंजिनाची गाडी मी आठ वर्षं वापरतोय आणि रीमॅपनंतर माझीही हीच तक्रार होती. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी अशी अडखळायची की मागून कुणी धरून ओढतंय असं वाटावं. गॅरेजमध्ये नेली की मात्र काहीच नाही. न्यूट्रलमध्ये रेस करून पाहिली, गाडी सुरळीत. मी प्लगला व्होल्टेज देणाऱ्या चारही कॉइल बदलल्या, चांगले पैसे गेले, फरक शून्य. शेवटी प्लग काढून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावली तर गॅप ०.९ च्या वर! तो ०.७ वर आणला आणि त्याच चढावर गाडी एकदाही अडखळली नाही.

न्यूट्रलमध्ये दोष का दिसत नाही, हे समजलं की प्लगची निवड निम्मी सुटते. ठिणगीला दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर उडी मारून पार करायचं असतं. ते अंतर जितकं मोठं आणि मधला वायू जितका दाट, तितकं व्होल्टेज जास्त लागतं. फ्रीड्रिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने हा नियम १८८९ मध्येच मांडला होता. न्यूट्रलमध्ये रेस केली तरी थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जेमतेम उघडतो, सिलेंडरमध्ये हवा थोडीच जाते आणि ठिणगी सहज पडते. घाटात पूर्ण रेस दिली की टर्बो हवा कोंबतो, वर पिस्टन ती दाबतो, आणि त्या दाट हवेतून उडी मारायला कॉइल कमी पडते. ठिणगी पडतच नाही. त्या क्षणी गाडी मिसिंग मारते. रीमॅपमध्ये सगळ्यात जास्त बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) मधल्या आरपीएमला दिलेला असतो, म्हणून दोष ३५००-४००० ला दिसतो आणि पुढे ६००० ला कधीकधी चक्क नाहीसा होतो. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

म्हणून बूस्ट वाढवला की गॅप कमी करायचा. कंपनीच्या मूळ बूस्टला साधारण ०.८ ठीक असतो. तुमच्यासारख्या रीमॅपला ०.७, आणि मोठा टर्बो घातला असेल तर ०.६ किंवा थोडा खाली. त्याहून फार कमी करू नका, कारण ठिणगी बारीक झाली की आयडलिंग खडबडीत होतं. नवा प्लग खोक्यातून काढून तसाच घालायचा नाही, चारही मोजायचे. खोक्यावर नंबरनंतर ११ असं लिहिलेलं असेल तर तो १.१ मिमी गॅपचा प्लग आहे. तोच नंबर, तेच आटे, पण तुमच्या कामाचा नाही.

आता 'गरम' आणि 'थंड' प्लग. मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण त्यात धोका आहे. थंड प्लग ठिणगी वेगळी देत नाही. फरक इतकाच की आतल्या चिनी मातीच्या टोकाची लांबी कमी असते, म्हणून टोकाची उष्णता आट्यांवाटे हेडमध्ये लवकर निघून जाते. त्या टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहायला हवं. ४५० च्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचत जाते आणि वीज तिच्यावरूनच निसटते. ८५० च्या वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं. हा प्रकार पिस्टनला भोक पाडू शकतो, तोही काही सेकंदांत. म्हणून शंका असेल तेव्हा मी थंडाच्या बाजूला झुकतो. काजळीने प्लग जातो, अतिउष्णतेने इंजिन जातं.

पण किती झुकायचं? एनजीकेचाच ढोबळ नियम आहे की ७५ ते १०० घोडे वाढवले तर एक पायरी थंड. एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी बदलतं. तुमचे वाढलेत ४०-४५. नियमाने पाहिलं तर मूळचा ६ नंबरही चालून जाईल (प्लगच्या नावातला हा आकडा म्हणजे उष्णतेची पायरी). रोज शहरातच फिरत असाल आणि महिन्यातून एकदा हायवेला जात असाल तर ६ ठेवून नुसता गॅप ०.७ केला तरी मी हरकत घेणार नाही. पण तुम्ही घाटाचा उल्लेख केलाय, आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर अजून मूळचाच असणार. अशा वेळी एक पायरी थंड, म्हणजे ७, ही माझी निवड. दोन पायऱ्या, म्हणजे ८, नको. मी ८ वापरून पाहिलाय. हायवेवर उत्तम होता, पण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तीन आठवड्यांत काजळी धरली आणि डिसेंबरच्या सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देऊ लागली. ८ हा मोठ्या टर्बोवाल्यांचा प्लग आहे.

इथे एक मोठा घोटाळा होतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर वाढला की प्लग थंड होतो. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं आहे, तिथे नंबर वाढला की प्लग गरम. 'मोठा नंबर द्या' असं काउंटरवर सांगून बॉशचा गरम प्लग रीमॅप केलेल्या गाडीत घालणं किती महागात पडू शकतं ते वर आलंच आहे.

आयरिडियमबद्दल. धातू म्हणून तो श्रेष्ठच आहे. तो २४४६ अंशांना वितळतो, प्लॅटिनम १७६८ ला आणि निकेल १४५५ ला. त्यामुळे त्याचं टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक करता येतं, बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते, आणि तो टिकतोही कितीतरी जास्त. म्हणजे गॅरेजवाले खोटं बोलत नाहीत. पण रीमॅपनंतरचं पहिलं वर्ष प्लग वारंवार काढून पाहायचं असतं, गॅप कमी-जास्त करायचा असतं. आयरिडियमचं टोक ठिसूळ असतं, गॅप बदलताना गेज मधल्या टोकावर टेकली तर ते तुटतं. निकेलचा प्लग स्वस्त, गॅप सहज बदलता येतो, आणि खराब झाला तर जीव हळहळत नाही. फक्त तो लवकर झिजतो आणि झिजला की गॅप आपोआप वाढतो. मी दर ५ हजार किलोमीटरला मोजतो आणि १२ हजारला बदलतो. एवढं जमणार नसेल, गाडी वर्षातून एकदाच गॅरेज पाहणार असेल, तर त्याच नंबरचा आयरिडियम घ्या आणि गॅप दुकानदाराकडून नव्हे, जाणत्या माणसाकडून करून घ्या.

नावातली अक्षरंही एकदा समजून घ्या. बीकेआर७ई मध्ये बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा पाना आणि पुढे आलेलं टोक, आर म्हणजे आत रेझिस्टर, ७ ही उष्णतेची पायरी, ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे. दुसऱ्या इंजिनासाठी कुणी हे उत्तर वाचत असेल तर नंबर माझा उचलू नका. आपल्या गाडीच्या मूळ प्लगची आट्यांची जाडी, लांबी आणि बसण्याची पद्धत तीच ठेवून फक्त उष्णतेची पायरी बदला. आटे लांब पडले तर प्लग पिस्टनला लागू शकतो.

नकली माल खूप आहे. रेझिस्टरच्या प्लगला वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मीटर लावलं की साधारण ५ हजार ओहमच्या आसपास रेझिस्टन्स दिसतो. मला एकदा चारपैकी दोन प्लग शून्य दाखवत होते, ते मी परत केले. वाकडा इलेक्ट्रोड मधल्या टोकाच्या बरोबर वर नसेल, छपाई बोटाने पुसली जात असेल, तर तोही प्लग घेऊ नका.

बसवताना इंजिन थंड हवं, हेड ॲल्युमिनियमचं आहे. आधी हाताने पूर्ण फिरवा. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर, नसेल तर वॉशर टेकल्यावर अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या मध्ये. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने नकळत जास्त आवळलं जातं. आणि सैल ठेवणंही तितकंच वाईट, कारण उष्णता बाहेर जायचा रस्ताच तो आहे. सैल बसलेला ७ नंबर, ५ नंबरसारखा तापतो म्हटलं तरी चालेल.

पाचशे किलोमीटर झाले की, शक्यतो घाट चढून आल्यावर, प्लग काढून नीट पाहा. चिनी माती फिकट बिस्किटी रंगाची असेल तर उत्तम. वाकड्या इलेक्ट्रोडवर रंग बदलल्याची रेघ दिसते, ती वळणाच्या आसपास हवी. रेघ आट्यांच्या दिशेने खाली सरकली असेल तर प्लग जास्त तापतोय. पांढऱ्या मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे किंवा चांदीसारखे चमकणारे बारीक ठिपके दिसले तर तिथेच थांबा. ते नॉकिंगचं (इंधन नको तेव्हा स्फोटासारखं पेटण्याचं) लक्षण आहे, चमकणारा ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. तेव्हा आणखी थंड प्लग घालून काही होणार नाही, रीमॅप करणाऱ्या ट्यूनरकडे जाऊन टायमिंग कमी करून घ्या (म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावा) आणि तोवर ९५ ऑक्टेन किंवा त्यावरचं पेट्रोल भरा. विटकरी लाल थर दिसला तर तुम्ही ऑक्टेन बूस्टरची बाटली टाकताय. त्यातल्या काहींमध्ये लोखंडाचं संयुग असतं, त्याचा थर वीज वाहून नेतो आणि चांगल्या प्लगलाही मिसिंग करायला लावतो. ती बाटली बंद करा.

गॅप ०.७ करूनही मिसिंग राहिलं तर स्कॅनरला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) कोड पाहा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर, पी०३०२ दुसरा. पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. कोड जागेवरच राहिला तर प्लग अदलाबदल करून पाहा. प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं दिसलं तर आधी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदला, नाहीतर तेलाने कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाहेरच्या बाहेर हेडला जाते. प्लग काढाल तेव्हा चारही एक ते चार क्रमाने पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात फोटो काढा आणि इथे टाका, गॅप किती निघाला तेही लिहा. मी पाहून सांगतो.