पत्रं येतच राहतात, बोचणी जात नाही

"माझं सगळं धड चाललंय आणि तिकडे कुणी म्हातारी अंधारात चाचपडतेय. पैसे पाठवले की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मी देते ते कमी पडतंय का?"

न्यू जर्सीत तीस वर्षं राहिलेल्या, ६७ वर्षांच्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, बराचसा खर्च मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याने, उचलला होता. आजीची नजर मोतीबिंदूनेच गेलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. आता परदेशातल्या गरीब वृद्धांसाठी मदत मागणारं कुठलंही पत्र आलं, की त्या चेक लिहीत. तीन महिन्यांत १९ चेक. घरात यजमानांशी खटके उडू लागले.

रक्कम बाजूला ठेवून मी त्यांना आधी दोन आठवड्यांची नोंद ठेवायला सांगितली: चेक किती वाजता लिहिला, आधी मनात कोणतं वाक्य होतं, दुसऱ्या दिवशी काय वाटलं. बहुतेक चेक रात्री जेवणानंतरचे निघाले आणि वाक्य जवळपास एकच, "त्यांच्यापेक्षा मी किती सुखात." गाठ या 'पेक्षा'त होती. आपल्या तब्येतीचा आनंद दुसऱ्याच्या हालांवर मोजला की तो कर्जासारखा होतो, आणि जगात कुणीतरी हाल काढत असेपर्यंत ते कर्ज फिटत नाही.

म्हणून रविवारी एकदाच, पाच गोष्टी लिहायच्या ठरल्या. 'पेक्षा' हा शब्द वर्ज्य. पहिल्या यादीत आलं: जिन्याची कड दिसते, निळी साडी निळी दिसते, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांचा उजेड फाकत नाही. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ मधल्या अभ्यासात अशीच आठवड्याला पाच गोष्टींची यादी दहा आठवडे लिहून घेतली होती. ती लिहिणाऱ्या गटाच्या शारीरिक तक्रारी इतर गटांपेक्षा कमी राहिल्या. रोज लिहायला लावलं, तर माझ्या मते यादीचा जप होतो.

देणं थांबवायचं नव्हतंच. ते चांगलंच होतं, फक्त विखुरलं होतं. एकदा पैसे दिले की नाव-पत्ता अनेकदा इतर संस्थांच्या याद्यांत जातो आणि पत्रं वाढतात. पाकिटातली नाणी, पत्त्याची लेबलं ओशाळवाणं करण्यासाठीच असतात. न मागता आलेली वस्तू अमेरिकी कायद्याने फुकट ठेवता येते, हे कळल्यावर बाईंच्या मनावरचं बरंच ओझं उतरलं. "माझं नाव कुणाला देऊ नका, मागणीची पत्रं पाठवू नका," असं प्रत्येक संस्थेला लेखी कळवलं. नवं पत्र आलं तर ७२ तास चेकबुक उघडायचं नाही, हा नियम.

मग बाई आणि यजमान दोघांनी मिळून महिन्याला ६० डॉलर ठरवले, एकाच कामासाठी: नेपाळच्या डोंगराळ भागातल्या वृद्धांचे मोतीबिंदू. नेपाळी नेत्रशल्यचिकित्सक डॉ. संदुक रुइत यांनी १९९४ साली काठमांडूत तिलगंगा नेत्रकेंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगंही तिथे बनतात. महागड्या यंत्राशिवाय, लहान छेदातून, बिनटाक्याची शस्त्रक्रिया होते. पट्टी दुसऱ्या दिवशी निघते.

पैसे देण्याआधी संस्थेला विचारायचे प्रश्न बाईंनी लिहून घेतले. भिंगाचा नंबर डोळा मोजून ठरवता का? न मोजता भिंग बसवलं तर ऑपरेशन चांगलं होऊनही धूसर दिसू शकतं. नंतरचे चार-सहा आठवडे थेंब कोण देतं, तपासणीला पुन्हा कोण येतं? नुसतं शिबिर भरवून निघून गेलं, तर जंतुसंसर्ग वेळेत कळत नाही. डोंगरातून खाली आणायचा प्रवासखर्च कोण करतं? शस्त्रक्रिया मोफत असली तरी म्हातारी माणसं बऱ्याचदा इथेच अडतात.

संस्था अमेरिकेत नोंदलेली आहे का, हे आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी करखात्याच्या, शोधपानावर पाहिलं. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर सहसा करसवलत मिळत नाही. फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेचं करखात्याकडचं वार्षिक विवरणपत्र, त्यातला खर्च वाचला. एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले, तर करसवलतीसाठी संस्थेची लेखी पोच हवी.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्यांनी नियम मोडून ४० डॉलरचा चेक लिहिला आणि खाली मान घालून ते सांगितलं. रागावण्यासारखं काही नव्हतं. त्या रात्री काय झालं होतं ते विचारलं: मैत्रिणीला पक्षाघात झाल्याचा फोन आला होता. पुढच्या महिन्याच्या साठातून चाळीस वजा केले, आणि त्या मैत्रिणीकडे दर गुरुवारी डबा घेऊन जायचं ठरलं.