जावा वेब ॲप्लिकेशनमध्ये फिल्टर नेमका कसा चालतो? लॉगिनचं चक्र आणि मराठी नावांची प्रश्नचिन्हं कशामुळे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, केळी खरेदीच्या नोंदी ठेवणारं सर्व्हलेटचं (ब्राउझरची मागणी घेऊन उत्तर देणाऱ्या जावा क्लासचं) ॲप्लिकेशन, टॉमकॅट या सर्व्हरवर. लॉगिन तपासणारा फिल्टर लावला की ब्राउझर ‘फार वेळा रीडायरेक्ट झालं’ म्हणतो. गावांची नावं कुठे प्रश्नचिन्हं, तर कुठे भलतीच अक्षरं होऊन दिसतात. आणि फिल्टर आत काय करतो, ते कुणी नीट सांगत नाही.

मी जळगावात व्यापारी आणि जिनिंगवाल्यांसाठी अशीच कामं करतो. आधी फिल्टर समजून घ्या, दोन्ही अडचणी मग आपोआप दिसतील.

फिल्टर म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हलेट यांच्या मधे चालणारा कोड. सर्व्हलेट २.३ मध्ये, म्हणजे २००१ साली, फिल्टर आले. त्याआधी लॉगिनची तपासणी प्रत्येक सर्व्हलेटमध्ये पुन्हा पुन्हा लिहावी लागायची. फिल्टरच्या हातात तीन गोष्टी येतात: रिक्वेस्ट (ब्राउझरची मागणी), रिस्पॉन्स (परत जाणारं उत्तर) आणि चेन (पुढचे फिल्टर आणि शेवटी सर्व्हलेट, अशी साखळी). सगळा खेळ ‘चेन डॉट डूफिल्टर’ या एका ओळीचा आहे. तिच्या वरचा कोड रिक्वेस्ट आत जाताना चालतो, आणि खालचा कोड सर्व्हलेटचं काम उरकून उत्तर परत येताना. अ, ब, क असे तीन फिल्टर असतील तर जाताना अ-ब-क, येताना क-ब-अ. ती ओळ आलीच नाही तर रिक्वेस्ट तिथेच अडते, सर्व्हलेटपर्यंत पोचतच नाही. बहुतेक जण फिल्टर म्हणजे फक्त आत जाण्याआधीची तपासणी समजतात, परतीचा अर्धा भाग कुणी शिकवत नाही. एका रिकाम्या फिल्टरमध्ये त्या ओळीच्या वर आणि खाली वेळ छापून पाहा, मग माझं सांगणं लगेच पटेल.

आता लॉगिनचं चक्र. तुम्ही फिल्टर ‘/*’ वर, म्हणजे सगळ्याच पत्त्यांवर, लावलाय. यात लॉगिनचं पानसुद्धा आलं, सीएसएस (पानाच्या सजावटीची फाइल) आणि लोगोही आले. लॉगिन नाही म्हणून फिल्टर लॉगिनच्या पानाकडे पाठवतो, ती नवी रिक्वेस्ट पुन्हा त्याच फिल्टरमध्ये येते, तो पुन्हा पाठवतो. लॉगिनचं पान आणि सीएसएस-चित्रांचा फोल्डर यांना सूट द्या. ‘/*’ मात्र काढू नका. सूट द्यायची राहिली तर पान उघडत नाही आणि लगेच कळतं. संरक्षण द्यायचं राहिलं तर कुणालाच कळत नाही.

सूट देतानाही जपून. ‘यूआरआयच्या (मागितलेल्या पत्त्याच्या) शेवटी डॉट सीएसएस असेल तर जाऊ दे’ असा कोड नेटवर सर्रास दिसतो. कुणी ‘/खरेदी;क.सीएसएस’ असा पत्ता टाकला तर? अर्धविरामानंतरचा भाग टॉमकॅट पाथ पॅरामीटर समजून बाजूला काढतो आणि थेट खरेदीचं सर्व्हलेट चालवतो, पण ‘गेटरिक्वेस्टयूआरआय’ तो भाग तसाच ठेवून देतं. तुमचा फिल्टर फसला! ‘गेटसर्व्हलेटपाथ’ वापरा आणि पूर्ण पत्ता जुळवून पाहा.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं: ‘सेंडरीडायरेक्ट’ नंतर ‘रिटर्न’ लिहाच. रीडायरेक्टने कोड थांबत नाही. पुढे चेनची ओळ आली तर सर्व्हलेट चालतं. समोरच्याला लॉगिनचं पान दिसतं, पण तेवढ्यात खरेदीची नोंद डेटाबेसमध्ये पडलेली असते.

आता मराठी अक्षरं. ‘रावेर’ घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ही पाच चिन्हं: र, काना, व, मात्रा, र. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) प्रत्येकाचे तीन बाइट, एकूण १५. फॉर्ममधून आलेले हे बाइट कुठल्या एन्कोडिंगचे, ते सांगितलं नाही तर टॉमकॅट ९ पर्यंत सर्व्हलेट आयएसओ-८८५९-१ (पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग) धरून चालतं आणि एकेका बाइटचं एकेक अक्षर करतं. म्हणजे १५ अक्षरांचा कचरा. उलट पाच प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर बाहेर जाताना बिघडलाय, कारण आयएसओ-८८५९-१ मध्ये देवनागरी बसतच नाही. डेटाबेसचा कॉलम यूटीएफ-८ नसेल तरी प्रश्नचिन्हंच येतात, तेही तपासा. कचरा की प्रश्नचिन्हं, एवढं पाहिलं तरी कुठे शोधायचं ते कळतं.

उपाय म्हणजे एन्कोडिंगचा वेगळा फिल्टर, आणि तो सगळ्यात पहिला. ‘सेटकॅरेक्टरएन्कोडिंग’ रिक्वेस्टवरही लावा आणि रिस्पॉन्सवरही. त्याआधी कुणी एकदा जरी ‘गेटपॅरामीटर’ केलं, म्हणजे फॉर्ममधली किंमत वाचली, तरी सगळे पॅरामीटर तिथेच वाचून होतात, नंतर सांगून उपयोग नाही. रिस्पॉन्सच्या बाबतीत एन्कोडिंग सांगायचं ते ‘गेटरायटर’ (उत्तर लिहिण्याचं साधन) घेण्याच्या आधी. तुमचा लॉगिन फिल्टर पॅरामीटर वाचत असेल आणि आधी चालत असेल, तर दोष तिथेच आहे.

हा क्रम वेब डॉट एक्सएमएल या ॲप्लिकेशनच्या सेटिंगच्या फाइलमध्येच ठरवा. आधी यूआरएल पॅटर्नवाले फिल्टर लिहिलेल्या क्रमाने चालतात, मग सर्व्हलेटच्या नावाने जोडलेले. सर्व्हलेट ३.० पासून ‘वेबफिल्टर’ हे अ‍ॅनोटेशन (क्लासवरच लिहायची खूण) आहे, सुटसुटीत आहे, पण त्यात क्रमाची हमी नाही.

लॉगिन झालेल्याचं नाव फिल्टरच्या क्लासमधल्या व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. फिल्टरचा एकच ऑब्जेक्ट असतो आणि सगळ्यांच्या रिक्वेस्ट एकाच वेळी त्यातून जातात. गर्दीत यावलच्या माणसाला चोपड्याच्या माणसाचं खातं दिसेल. सेशन (त्या एका वापरकर्त्याची सर्व्हरवरची वेगळी जागा) किंवा रिक्वेस्ट अ‍ॅट्रिब्यूट (त्या एका रिक्वेस्टला चिकटवलेली माहिती) वापरा.

टॉमकॅट १० किंवा पुढचं असेल तर इम्पोर्टही पाहून घ्या. तिथे ‘जावाएक्स डॉट सर्व्हलेट’ जाऊन ‘जकार्ता डॉट सर्व्हलेट’ आलंय. जुन्या इम्पोर्टचा फिल्टर वेब डॉट एक्सएमएलमध्ये असेल तर सुरुवातीलाच एरर येईल, अ‍ॅनोटेशनने लावला असेल तर एररही येणार नाही आणि फिल्टरही चालणार नाही.