पाळी थांबल्यानंतर ड जीवनसत्त्व आणि मोठे आतडे

ताई, पाळी थांबून दोन वर्षे झाली, रक्तातले ड जीवनसत्त्व १४ म्हणजे कमी निघाले, तर त्याची पुडी घेतल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासूनही संरक्षण मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी जाता जाता, शौचाला अधूनमधून रक्त दिसते पण ती मूळव्याधच असेल, असेही लिहिले आहे. मला काळजी वाटते ती याच ओळीची.

आधी पुडीविषयी. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असते त्यांच्यात हा कर्करोग जास्त आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. मात्र अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या स्त्रियांच्या आरोग्यावरील मोठ्या अभ्यासाने पाळी थांबलेल्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना सरासरी सात वर्षे रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४०० युनिट ड जीवनसत्त्व दिले, तेव्हा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील कर्करोगाच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही; उलट गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडे थोडे अधिक झाले. म्हणून कमतरता भरून काढायची ती हाडांसाठी, कारण पाळी थांबल्यावर हाडांची झीज वेगाने होते. साठ हजार युनिटची पुडी साधारणतः आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक वाढू शकते. कॅल्शियमच्या गोळीने बद्धकोष्ठता झाली तर तेही डॉक्टरांना सांगा.

आपल्या खान्देशात एवढे ऊन असताना कमतरता कशी, असे वाटणे साहजिक आहे. पण कापूस वेचणारी बाई पहा: साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला रुमाल, त्यातून दिसतात ते फक्त डोळे आणि बोटे. ऊन अंगाला लागतेच कुठे? शिवाय सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करायला अधिक वेळ ऊन लागते, आणि भाकरी-भाजीच्या जेवणात ते जवळजवळ नसतेच.

आता रक्ताविषयी. माझ्या धाकट्या जावेने नऊ महिने मूळव्याधीचे चूर्ण घेतले. हिमोग्लोबिन ८ वर आले, तरी ‘बायकांचे असतेच कमी’ म्हणून घरात कोणी लक्ष दिले नाही, आणि मीही दिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पाळी चालू असताना रक्त कमी होण्याचे कारण बहुधा पाळीत सापडते. ती थांबल्यावर लोह कमी होऊन हिमोग्लोबिन उतरू लागले, तर रक्त पोटातून जाते आहे का, हे शोधलेच पाहिजे. जावेच्या कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, गाठ सापडली. शस्त्रक्रिया झाली, आज ती शेतात जाते.

तुमचे रक्त मूळव्याधीचे असूही शकेल, पण ते तपासून ठरू द्या. याच आठवड्यात सर्जनकडे जा. मागचे हिमोग्लोबिनचे सगळे रिपोर्ट सोबत न्या, रक्त लाल असते की काळपट, शौचाची सवय बदलली आहे का, वजन उतरले आहे का आणि माहेरी कोणाला आतड्याचा आजार होता का, हे लाज न बाळगता सांगा.