मिठाने टायटॅनियम तडकतं का हो?

प्रश्न : मित्राच्या ट्रेकिंगच्या टायटॅनियम मगवरून आमची चांगलीच जुंपली. मी म्हणतो खाऱ्या पाण्याने टायटॅनियमला काही होत नाही, तो म्हणतो मिठाने तडकतं, विमानवाले त्याला घाबरतात. कोण बरोबर? – एक वाचक, मालवण

उत्तर : दोघंही, फक्त तुम्ही समुद्राचं बोलताय आणि तो भट्टीचं. टायटॅनियमवर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर असतो, खरवडला तरी लगेच परत धरतो, त्यामुळे समुद्रात ते वर्षानुवर्षं मजेत राहतं. पण तेच मीठ कोरडं होऊन चिकटलं, वर साधारण २५०-३०० अंशांच्या पुढे ताप, आणि भाग ताणाखाली, की मग खेळ बदलतो. मीठ आणि हवेतला थोडासा ओलावा मिळून हायड्रोजन क्लोराईड तयार होतो, तो थराखालच्या धातूला भिडतो, त्यातून सुटलेला हायड्रोजन आत शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. तडा आतल्या आत सरकत राहतो, बाहेरून गंज-बिंज काही दिसत नाही, हेच वाईट. मीठ, ताप, ताण यातलं एक जरी काढलं तरी हा प्रकार होत नाही.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५ च्या सुमारास, आणि कशावरून तर बोटाच्या ठशावरून! ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमवाल्या मिश्रधातूची क्रीप टेस्ट चालू होती, म्हणजे तुकडा ३७० अंशांवर गरम ठेवून सतत ओढत राहायचं आणि तो किती लांबतोय ते बघायचं. तुकडा तडकला, आणि शोधत गेले तर कुणीतरी तो नुसत्या हाताने धरला होता, घामातलं मीठ तेवढं पुरलं. (आपला मे महिन्यातला घाम तर विचारूच नका.)

याचाच चुलतभाऊ म्हणावा असा किस्सा लॉकहीड कंपनीच्या एसआर-७१ चा, म्हणजे बहुतेक टायटॅनियमच्याच बनवलेल्या अमेरिकी हेरगिरीच्या विमानाचा. पंखांचे स्पॉट वेल्ड केलेले (ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले) जे पॅनल उन्हाळ्यात बनले ते लवकर खराब व्हायचे, हिवाळ्यातले मस्त टिकायचे. कारण निघालं धुण्याच्या पाण्यात, कारखाना होता त्या कॅलिफोर्नियातल्या बरबँक शहराच्या नळाच्या पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून उन्हाळ्यात जास्त क्लोरीन टाकायचे (मिठातही क्लोरीनच असतं), मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायला लागले आणि प्रश्न मिटला.

आता विमानाच्या इंजिनाचं. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे आत येणारी हवा दाबणाऱ्या भागाच्या, मागच्या टप्प्यात ताप आणि ताण दोन्ही भरपूर, किनाऱ्यावरच्या विमानतळाची खारी हवाही आत येते, तरी लॅबमध्ये सहज तडकणारे मिश्रधातू तिथे बहुतेक निभावून नेतात, कारण इंजिन सारखं चालू-बंद होतं, हवेचा झोत जबरदस्त असतो, मीठ एका जागी तासन् तास गरम बसत नाही. ८ टक्के अ‍ॅल्युमिनियमवाला प्रकार मात्र यात फारच नाजूक निघाला होता, आणि शुद्ध टायटॅनियम जवळपास बिनघोर.

तुमच्या मित्राचा मग बहुधा त्या शुद्ध जातीचाच असणार, त्यात पाणी उकळून उकळून १०० अंश आणि ताण शून्य, तेव्हा खुशाल मीठ घालून सोलकढी प्या त्यातून. वर्कशॉपमध्ये काम करणारे कुणी वाचत असतील तर भाग भट्टीत घालायच्या किंवा वेल्ड करायच्या आधी हातमोजे घाला आणि क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटने पुसू नका.