चालकाच्या एअरबॅगमधला दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावल्याचे (म्हणजे रिकॉलचे) पत्र आले आहे. गाडी ठणठणीत असताना जायलाच हवे का? आणि काम होईपर्यंत काय करावे?

जायलाच हवे, आणि पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता जायला हवे. गाडी अकरा वर्षांची झाली तरी तिला कधी धक्का लागलेला नाही, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवाही लागत नाही, मग घाई कशाची, असे तुम्ही विचारले आहे. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

मी वापरतो ती गाडी मूळची दादाची. त्याने नवी घेतली तेव्हा जुनी मला दिली आणि घरातलाच व्यवहार म्हणून ती माझ्या नावावर करण्याचे काम दोघांनीही वर्षभर लांबणीवर टाकले. त्या काळात कंपनीचे पत्र आले ते साहजिकच त्याच्या पत्त्यावर. त्याने ते वाचले आणि जुन्या कागदांच्या फाइलीत ठेवून दिले. मला कळवले नाही. सात महिन्यांनी नाव बदलण्याच्या निमित्ताने ती फाइल माझ्या हाती आली, तेव्हा विम्याच्या दोन पावत्यांच्या मध्ये घडी घातलेले ते पत्र सापडले. त्यात स्पष्ट लिहिले होते की चालकाच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे फुग्यात वायू भरणारा धातूचा डबा, धडकेच्या वेळी फुटू शकतो आणि त्याचे तुकडे लागून गंभीर दुखापत किंवा मृत्यू होऊ शकतो. त्या सात महिन्यांत मी रोज ती गाडी चालवत होतो, आणि बायको नुकतीच गाडी शिकत असल्यामुळे दर सुट्टीच्या दिवशी तिला त्याच स्टिअरिंगमागे बसवत होतो. ती उंचीने कमी असल्यामुळे सीट अगदी पुढे ओढून, स्टिअरिंगला जवळजवळ चिकटून बसायची. पत्र वाचताना मला पहिल्यांदा तेच आठवले.

दादाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "अरे, कंपन्या अशी पत्रे पाठवतच असतात. गाडी एकदा वर्कशॉपमध्ये गेली की दहा कामे काढतात. इतकी वर्षे मी चालवली, काही झाले का?"

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही, म्हणून येथे सविस्तर देतो. माझी गाडी कोणत्या कंपनीची होती याला महत्त्व नाही. पण इन्फ्लेटर फुटण्याचा दोष कसा असतो ते समजून घ्यायचे तर ताकाता या जपानी कंपनीचे प्रकरण पाहावे. तिने साधारण २००० सालानंतर इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेटवर आधारलेले दारूगोळ्यासारखे मिश्रण वापरायला सुरुवात केली. ते आकाराने लहान आणि किमतीने स्वस्त पडत होते, पण ओलावा शोषणारा पदार्थ जोडीला नसेल तर ते टिकत नाही. दमट हवा आणि रोजची तापण्याची व निवण्याची ये-जा यांमुळे त्याच्या घट्ट वड्या वर्षागणिक सच्छिद्र होत जातात. अशी वडी ठरल्यापेक्षा फार वेगाने जळते, डब्यातला दाब एकदम वाढतो, आणि जो डबा फुगा भरण्यासाठी असतो तोच फुटून त्याचे तुकडे फुगा फाडून चालकाच्या मानेपर्यंत आणि चेहऱ्यापर्यंत येतात. म्हणजे या दोषात गेलेली वर्षे गाडीच्या बाजूने साक्ष देत नाहीत. वर्षे जातात तसा धोका वाढतो. "इतकी वर्षे काही झाले नाही" याचा अर्थ एवढाच की इतकी वर्षे एअरबॅग उघडण्याची वेळ आली नाही.

दिव्याचेही तसेच. एअरबॅगचा दिवा विजेचे मंडल तपासतो. जोडणी सैल झाली किंवा स्टिअरिंगमधली गुंडाळलेली वायर तुटली तर तो लागतो. डब्यातल्या वड्या भुसभुशीत झाल्या आहेत की नाही हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. त्यामुळे न लागलेल्या दिव्यावर विसंबून राहणे हा या बाबतीत सर्वांत चुकीचा आधार आहे.

धडक मोठी असावी लागते असेही नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात २००९ साली अठरा वर्षांच्या एका मुलीची गाडी शाळेच्या वाहनतळावर दुसऱ्या गाडीला किरकोळ घासली, एअरबॅग उघडली आणि मानेत धातूचा तुकडा घुसून ती गेली. त्याआधीच्या वर्षी, २००८ मध्ये, होंडाने ताकाताचे इन्फ्लेटर असलेल्या सुमारे ४,००० गाड्या परत बोलावल्या होत्या; पुढे हा आकडा वाढत जाऊन एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर बदलण्याची वेळ आली. तेथे निदान २८ जणांचा मृत्यू झाला आणि ४०० हून अधिक लोक जखमी झाले. २००१ ते २००३ सालच्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा (होंडाचीच दुसरी नाममुद्रा) गाड्यांविषयी तेथील वाहन सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये सांगितले की चाचणीत त्यांचे इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत आढळली आहे, तेव्हा त्या गाड्या फक्त दुरुस्तीला नेण्यापुरत्याच चालवा. ताकाताने २०१७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली.

पत्र सापडल्यावर दुसऱ्याच दिवशी मी वर्कशॉपला फोन केला. काम माझ्या समोरच झाले. मेकॅनिकने बॅटरीची ऋण वायर काढली आणि साठलेली वीज उतरावी म्हणून काही मिनिटे हात न लावता थांबला. मग स्टिअरिंगच्या मागच्या बाजूने खिळी सोडवून मधली गादी अलगद उचलली, पिवळे कनेक्टर सोडवले आणि ती उलटी करून मला दाखवली. घडी घातलेल्या कापडाच्या मागे तळहाताएवढी धातूची चकती होती. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. बाहेरून पाहून काहीही कळत नाही हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. जुना भाग मला मिळाला नाही. त्याचा क्रमांक नोंदवून तो कंपनीकडे परत जाण्यासाठी खोक्यात बंद केला. सगळे तासाभरात आटोपले आणि त्याचा एक पैसाही द्यावा लागला नाही. ब्रेकचे पॅड बदलून घ्या असे त्यांनी सुचवले हे खरे, आणि तेवढ्यापुरते दादाचे म्हणणे बरोबर ठरले. मी नको म्हटले आणि त्यांनी आग्रह केला नाही. अनावश्यक काम नाकारायला एक शब्द पुरतो. त्या भीतीने पत्र दाबून ठेवणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

काम होईपर्यंत काय करावे, हा तुमचा दुसरा प्रश्न. पत्रात गाडी चालवू नका असे लिहिले असेल तर चालवू नका, उचलून नेण्याची सोय कंपनीकडे मागा. तसे लिहिले नसेल आणि सुटा भाग यायला वेळ असेल तर तारीख लेखी घ्या आणि त्या काळात दुसरी गाडी मिळत असेल तर ती वापरा. सीट मागे घेऊन स्टिअरिंगपासून २५ सेंटिमीटर तरी अंतर ठेवणे केव्हाही योग्यच आहे, पण उडणाऱ्या तुकड्यांपासून ते वाचवत नाही. एअरबॅगची वायर स्वतः काढून टाकण्याचा किंवा भंगारातली एअरबॅग बसवण्याचा विचार मुळीच करू नका. गाडीचे हे काम पूर्वी एकदा झालेले असले तरी चासी नंबर पुन्हा तपासून घ्या, कारण ताकाताच्या प्रकरणात सुरुवातीला काही गाड्यांत तात्पुरते म्हणून त्याच प्रकारचे इन्फ्लेटर बसवले होते आणि ते नंतर पुन्हा बदलावे लागले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे: चालकाच्या एअरबॅगचा प्रत्येक रिकॉल डबा फुटण्याचाच असतो असे नाही. काहींत एअरबॅग गरजेच्या वेळी उघडत नाही, काहींत विनाकारण उघडते. मी वर लिहिले ते डबा फुटण्याच्या प्रकाराबद्दल आहे, म्हणून तुमच्या पत्रात दोष काय लिहिला आहे ते नीट वाचा. घाईत थोडा फरक पडेल. जाण्यात पडणार नाही.

आणि तुम्ही ही गाडी विकण्याच्या किंवा घरात कोणाला देण्याच्या विचारात असाल, तर काम करून घेतल्याचा कागद सोबत द्या. काम आधी झाले नसेल तर निदान पत्र तरी हातात द्या. दादा अजूनही म्हणतो की मी उगाच बाऊ केला. पण गेल्या वर्षी त्याच्या नव्या गाडीविषयी पत्र आले, तेव्हा त्याने ते मला फोनवर वाचून दाखवले आणि वर्कशॉपची वेळ मी घेतली.